दिवामामा आणि उतारावरची गाडी

"रंगाला विचारू नकोस, दिव्याला विचार."

हे दिवामामांचं वाक्य. गाडीच्या पॅनेलखाली उताणं झोपून, दोन्ही पाय दाराबाहेर काढून, दातांत चिकटपट्टीचा तुकडा धरलेला असतानासुद्धा ते हे म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला शब्द कळले नाहीत तरी अर्थ कळायचा, कारण तो अर्थ आधी शंभरदा ऐकलेला असायचा.

दिवा म्हणजे इंडिकेटरचा एक जुना बल्ब, पितळेच्या टोपीत बसवलेला. त्याला दोन वायरी. एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला गोणी शिवायच्या दाभणासारखी सुई. चिमटा गाडीच्या अंगाला लावायचा, सुई वायरीत टोचायची. दिवा लागला तर वीज आहे, नाही लागला तर नाही. मामांची सगळी विद्या या दोन वायरींच्या मध्ये मावत होती, आणि त्या विद्येवर आसपासचे ट्रॅक्टर, ट्रक, जीपगाड्या चालत होत्या.

लाल आणि हिरवा यांतला फरक मामांना जन्मापासून दिसत नसे. टोमॅटो पिकला की नाही हे ते दाबून ओळखायचे. सदरा कोणता घातलाय हे मामींना विचारायचे. उमेदीच्या वयात एका गॅरेजात कामाला लागले तेव्हा ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. मग एक दिवस त्यांनी एका ट्रकच्या वायरींत लाल वायरीच्या जागी हिरवी जोडली, आणि धूर असा निघाला की शेजारच्या दुकानातली माणसं पाणी घेऊन धावली. गॅरेजच्या मिस्त्रींनी जळक्या वायरी उपसून काढल्या, कोपऱ्यातला एक बल्ब उचलला, तो त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आजपासून तुझे डोळे हे." त्या दिवशी दिवामामा जन्माला आले. त्याआधी त्यांना जे काही नाव होतं ते आईबापांबरोबर गेलं.

डोळ्यांच्या तपासणीत नापास म्हणून गाडी चालवायचा परवाना काही त्यांना मिळाला नाही. दुसऱ्यांच्या गाड्या चालत्या करणारा हा माणूस स्वतः सगळीकडे पायी जायचा. काखेत बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, त्यात दिवा, पक्कड, कथिलाचा डाग द्यायची कैय आणि चिकटपट्ट्या. चाल अशी, की घाई नावाची बाई त्यांच्या घराण्यात कधी नांदलीच नव्हती.

तर असे हे मामा एका थंडीच्या दुपारी रोपवाटिकेच्या फाटकातून आत आले, आणि सूनबाईच्या जिवात जीव आला.

रोपवाटिका तिच्या सासऱ्यांनी, आबांनी उभी केलेली. आता आबा थकले होते. छातीत हवा मावत नव्हती, आणि गार वारा लागला की खोकल्याची उबळ अशी यायची की ओठ निळे पडायचे. दर आठवड्याला त्यांना सकाळी लवकर शहरातल्या दवाखान्यात न्यायचं होतं. वाफ, छातीचे व्यायाम, औषध. त्याने फरक पडत होता. पण जायचं घरच्या जुन्या पिकअपमधून, आणि पहाटे ती पिकअप म्हणजे चाकांवरचा बर्फाचा माठ. गेल्या खेपेला अर्ध्या वाटेत उबळ आली आणि सूनबाईला गाडी परत वळवावी लागली. त्यानंतर आबा म्हणाले, "मी काही त्या गाडीत बसत नाही आता. मरायचंच असेल तर अंथरुणात मरेन, ऊब तरी असेल." दोन पाळ्या चुकल्या. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी निरोप पाठवला, की आणखी एक चुकली तर ही जागा दुसऱ्या रुग्णाला जाईल.

सूनबाईने खाली जाऊन गाडी आधीच सुरू करून ठेवावी, तर तीही सोय नव्हती. घर वरच्या अंगाला, गाडी अंगणाच्या उतारावर मध्यावर, फाटकाजवळ. सकाळी आबांचा श्वास सगळ्यात अवघड असायचा, त्यांच्या पाठीशी कुणीतरी लागे. नवरा त्या वेळी खालच्या वाफ्यांवरची प्लास्टिकं उचलत असे. आणि रस्त्याकडेला किल्ली लावून चालू ठेवलेली गाडी म्हणजे चोराला पाट मांडून दिलेलं आमंत्रण. गाडीची बॅटरी एकदा चोरीला गेलीच होती. म्हणून तिने शहरातून ते यंत्र आणलं. खिडकीतून बटण दाबलं की गाडी आपोआप सुरू होते, हीटरचा पंखा फिरू लागतो, आणि कुणी परक्याने हात लावला तर सायरन बोंबलतो. शहरातल्या दुकानाने ते विकलं, पण बसवून द्यायला नकार दिला. "फार जुनी गाडी आहे, बाई. त्यात गिअरची. नव्या गाड्यांचं काम आम्ही करतो."

"मग मामा, तुम्ही तरी?" तिने विचारलं.

मामांनी बॉनेट उघडलं. बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग ओट्यावर शाल पांघरून बसलेल्या आबांकडे वळून म्हणाले, "आबा, हे वायरिंग कुणी केलंय?"

"मी," आबा म्हणाले. "का?"

"काही नाही. चिमणीसुद्धा घरटं जरा विचार करून बांधते."

आबांना हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, पण डोळ्यांत हसू राहिलं. खरंच होतं ते. इतक्या वर्षांत गाडीची जी वायर तुटली तिच्या जागी आबांनी हाताला लागेल ती घातली होती. रेडिओची, फाटकाच्या घंटेची, गच्चीवरच्या दिव्याची. कारखान्यातून आलेला एकही रंग जागेवर नव्हता. यंत्राबरोबर एक कागद आला होता, त्यावर रंगीत रेघांनी कोणती वायर कुठे जोडायची ते दाखवलं होतं. मामांनी तो कागद नीट घडी घालून डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवला. "आता कामाला आला," म्हणाले.

नवरा वाफ्यांकडून येता येता थांबला. "मामा, दोन तासांत होईल ना?"

"दोन तासांत माझी ओळख होईल गाडीशी. काम नंतर."

आणि तसंच झालं. मामांनी स्टिअरिंगखालचं पॅनेल उतरवलं, पाठीखाली गोणपाट घातलं आणि एकेका वायरीला विचारायला सुरुवात केली. किल्ली फिरवायला सूनबाई वर बसली होती.

"लाव."

तिने किल्ली फिरवली.

"बंद. परत लाव. स्टार्टर मार. हां. ही बाई स्टार्टरची आहे, वेश मात्र हॉर्नचा घेतलाय."

सापडलेल्या प्रत्येक वायरीला ते दोऱ्याच्या गाठी मारायचे. एक गाठ बॅटरीची, दोन किल्लीची, तीन स्टार्टरची. डोळे नसले तरी बोटं वाचू शकतील अशी ती बाराखडी. सूनबाईला आधी वाटलं होतं की म्हातारा वेळ काढतोय. संध्याकाळपर्यंत तिच्या ध्यानात आलं की हा माणूस गृहीत काहीच धरत नाही. आपण दिवसातून कितीतरी गोष्टी रंगावरून ठरवतो, असं तिला वाटून गेलं, आणि तिने गुपचूप किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवशी जोडकाम. कैय तापवून प्रत्येक सांधा पक्का केला, त्यावर नळी चढवली, वर पट्टी. डिझेलचं इंजिन, म्हणून आधी इंजिनातला हीटर तापायला हवा, मग स्टार्टर. तेवढं थांबायला त्यांनी यंत्राला शिकवलं. सायरन बॉनेटखाली अशा जागी बसवला की चोराचा हात पोचणार नाही. मग सूनबाईला आणि तिच्या नवऱ्याला समोर उभं करून मास्तरांसारखं बजावलं.

"नीट ऐका. गाडी उभी केली की गिअर न्यूट्रलला. हँडब्रेक ओढायचा. किल्ली काढायची. इंजिन चालूच राहील, भूत लागलं म्हणून ओरडायचं नाही. उतरायचं, दार लावायचं, रिमोट दाबायचा. मग इंजिन बंद होईल. म्हणजे गाडीने खूणगाठ बांधली, की मी न्यूट्रलला आहे. यानंतर दार उघडलं, मग ते कुणीही उघडो, की खूणगाठ सुटली. मग सकाळी कितीही बटण दाबा, ती उठणार नाही."

"एवढा रुसवा कशाला तिचा?" नवऱ्याने विचारलं.

"कारण गिअरमध्ये असताना सुरू झाली तर उडी मारेल, आणि ती उडी थेट तुझ्या वाफ्यांत."

दोन रिमोट होते. एक सूनबाईच्या किल्लीला लागला, दुसरा आबांच्या खोलीत खिळ्यावर. मामांसमोर बटण दाबलं. खाली अंगणात हीटर तापला, इंजिनाने एक ढेकर दिला आणि गाडी सुरू झाली. आबा खिडकीतून बघत होते. "अरेच्चा," एवढंच म्हणाले, आणि सूनबाईने तो होकार धरला.

सकाळी तिने बटण दाबलं. गाडी ढिम्म.

परत दाबलं. इंडिकेटर नकारासारखे लुकलुकले, बस. दवाखान्याची पाळी अजून चार दिवसांवर होती, म्हणून ही फक्त तालीम. किल्लीने मात्र गाडी सुरळीत सुरू झाली. दुसऱ्या सकाळी तेच. नवरा चहा पिता पिता म्हणाला, "काय दिवे लावले तुझ्या मामांनी!"

"अहो, हळू बोला."

"हळू काय? त्या माणसाला लाल-हिरवं कळत नाही, आणि आपण त्याच्या हातात वायरी दिल्या."

हे मामांच्या कानावर गेलंच. फाटकातून आत येता येता त्यांनी ऐकलं. रागावले नाहीत. डबा उघडला, दिवा काढला, पॅनेल उतरवलं, आणि सगळ्या गाठी पहिल्यापासून पुन्हा विचारल्या. दुपार झाली. एकही वायर खोटं बोलत नव्हती. न्यूट्रलचा स्विच बरोबर, हँडब्रेकचा बरोबर, दाराचा बरोबर. मामा गाडीतून बाहेर आले आणि पायरीवर बसले.

"दार कुणी उघडतं का, संध्याकाळनंतर?"

"कुणी नाही, मामा. मीच बंद करते, मीच सकाळी उघडते. न्यूट्रलला टाकलेली असते, शपथ."

"बरं. बस आत. समज, सकाळ झाली. मला सांगू नकोस काय करतेस ते. नुसतं कर."

ती बसली. दार लावलं. डावा पाय क्लचवर गेला, उजव्या हाताने किल्ली घेतली, आणि किल्ली लागण्याआधी डाव्या हाताने गिअरचा दांडा धरून मागे ओढला.

"थांब," मामा म्हणाले. "आत्ता हात काय करत होता?"

तिने हाताकडे पाहिलं, जणू तो शेजारणीचा होता. "पहिल्यातून काढला."

"पहिल्यात होता का?"

"आत्ता नव्हता. पण रोज..." ती थांबली. लग्न होऊन आल्यापासून ही गाडी रोज सकाळी तिला पहिल्या गिअरमध्येच मिळाली होती. हात आपोआप तो काढत होता. आजही. कालही. परवाही. आणि संध्याकाळी तर तिने न्यूट्रलला टाकून ठेवली होती.

म्हणजे मधे कुणीतरी दार उघडत होतं, आणि त्याच्याकडे रिमोट होता, म्हणून सायरन गप्प. तिची नजर वर खिडकीकडे गेली. नवराही तोवर जवळ आला होता. "काय झालं? सापडला का बिघाड?"

मामांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "सापडला. माझ्याच कामात उणीव होती. तू जा वाफ्यांवर."

मग डबा तिथेच ठेवून ते ओट्यावर आबांकडे गेले. सूनबाई पॅनेलचे स्क्रू गोळा करण्याच्या निमित्ताने गाडीशीच थांबली, पण ओट्यावरचं बोलणं उतारावरून पाण्यासारखं खाली येत होतं.

"आबा, जेवण झाल्यावर फेरी मारतोस ना अंगणात?"

"पाय मोकळे करायला."

"आणि हात?"

आबांनी शाल घट्ट ओढून घेतली. मग ते म्हणाले, "दिव्या, तू त्या वेळी इथे नव्हतास. माझी बायको खाली वाफ्यात पाटावर बसून बी टोकत होती. मी गाडी नुसत्या ब्रेकवर सोडली होती. घोटभर पाणी प्यायला म्हणून ती उठली, आणि मागे वळून बघते तर पाटाच्या चिंधड्या. आवाजसुद्धा नाही झाला रे. अशी गुमान गेली गाडी, मांजरासारखी. त्या रात्रीपासून पहिल्यात टाकल्याशिवाय मला झोप नाही. पुढे ती वारली, तरी नाही. आता खाली सून बसते, मुलगा बसतो."

सूनबाईच्या हातात स्क्रू तसेच राहिले. घरात ही गोष्ट कुणी कधी सांगितली नव्हती.

मामांच्या उत्तरात समजूत घालण्याचा सूर नव्हता. "तू बरोबर आहेस. मी एकेका वायरीला विचारलं, आणि उताराला विचारलंच नाही. ब्रेक जुना, तार ढिली, आणि मी खुशाल सांगून मोकळा झालो की न्यूट्रलला ठेवा. चूक माझी."

"मग काढून टाक ते यंत्र."

"काढतो. पण आधी मला माझी चूक दुरुस्त करू दे. मग तू म्हणशील तर काढतो."

वायरमनने ब्रेकचं काम करू नये असा काही नियम नाही, पण मामांनी आजवर कधी केलं नव्हतं. ते पायी गेले आणि गॅरेजवाल्याला बरोबर घेऊन आले. हँडब्रेकची नवी तार पडली, मागचे ब्रेक खोलून पट्ट्या बदलल्या. तो ते करत असताना मामा शेजारी उकिडवे बसून प्रत्येक गोष्ट विचारत होते, आणि गॅरेजवाला म्हणाला, "मामा, या वयात धंदा बदलताय की काय?" सुताराकडून मामांनी लाकडाची एक जाड पाचर करून आणली, तिला दोरी बांधली.

मग पाळीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी ते केलं जे सूनबाई अजून सांगते.

गाडी उतारावर, तोंड वाफ्यांकडे. गिअर न्यूट्रलला. हँडब्रेक ओढलेला. पाचर लावली नव्हती. मामांनी डुगडुगणारं स्टूल उचललं, आणि गाडीच्या पुढे, खालच्या अंगाला, बंपरपासून हातभर अंतरावर ठेवलं. अगदी त्याच वाटेत, जिच्या खालच्या टोकाला कधीकाळी एक पाट होता. आणि गाडीकडे पाठ करून त्यावर बसले.

"अरे ए दिव्या! ऊठ!" आबा ओट्यावरून ओरडले. "वेड लागलं का तुला?"

"सूनबाई, चहा टाक," मामा म्हणाले. "साखर जरा जास्त."

ती चहा टाकायला वर गेली, पण नजर खालीच ठेवून. नवरा वाफ्यांतून धावत आला, पण मामांनी हाताने त्याला लांबच थांबवलं. "मागे हौद्यात जा, आणि नाच."

"काय?"

"नाच म्हटलं. नवऱ्यामुलासारखा नको, वाढदिवसाच्या पोरासारखा."

तो हौद्यात चढला आणि उड्या मारू लागला. आधी भीत भीत, मग चिडून, मग जोरात. स्प्रिंगा कुरकुरल्या, गाडी वरखाली झाली, पण पुढे बोटभर सरकली नाही. मामा वाफ्यांकडे बघत चहा पीत बसले. मध्येच म्हणाले, "ही कोबीची रोपं आहेत की फ्लॉवरची? मला तर सगळी एकाच रंगाची दिसतात." चहा संपला तरी उठले नाहीत. आणखी एक कप मागितला. सूनबाईने तो त्यांच्या हातात दिला आणि मग, का कोण जाणे, तीही त्यांच्या शेजारी मातीत बसली, गाडीकडे पाठ करून.

आबा हळूहळू ओट्यावरून उतरले. कठड्याला, मग भिंतीला, मग गाडीला धरत खाली आले. गाडीच्या नाकाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "उठा आता दोघं. मातीत गारठा आहे."

मामा उठले. पाचर आबांच्या हातात दिली. "हे तुझं काम. जेवण झाल्यावर ये, बाहेरून चाकाखाली लाव, दार उघडायचं नाही. तुझ्या पाचरीशिवाय ही गाडी झोपणार नाही. दोरी ओट्यापर्यंत पोचते. सकाळी निघताना वरून ओढायची."

"आणि सुरू कोण करणार?"

"ज्याच्या खोलीला खिडकी आहे तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई आबांच्या पाठीला हात लावून उभी होती. काचेवर दव साचलं होतं. आबांनी खिळ्यावरचा रिमोट घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि दाबला. खाली हीटर तापेपर्यंतची ती शांतता तिला वर्षासारखी वाटली. मग इंजिनाने ढेकर दिला. काचांच्या आत धुकं धरलं आणि थोड्या वेळाने खालून वर विरत गेलं. शाल, टोपी, पायमोजे, सगळं सावकाश झालं. ओट्यावरून आबांनी दोरी ओढून पाचर काढली. गाडीचं दार उघडलं तेव्हा आतून आलेली ऊब आबांच्या तोंडावर पडली. ते आत बसले, आणि खोकले नाहीत.

मामा फाटकाशी येऊन थांबले होते, डबा काखेत. काम बघायला आलोय असं त्यांनी म्हटलं नाही. नवरा त्यांच्यापाशी गेला, मान खाली घालून म्हणाला, "मामा, मी त्या दिवशी बोललो ते..."

"बरोबरच बोललास. दिवेच लावतो मी, दुसरं काय येतं मला?" मामा म्हणाले.

"चला, बसा गाडीत," सूनबाई म्हणाली. "वाटेत घरी सोडते."

"नको. तुम्हाला उशीर होईल, आणि मला लवकर होईल." मग आत वाकून आबांकडे पाहिलं. "कसं आहे?"

"गरम होतंय," आबा कुरकुरले. "पंखा जरा कमी कर म्हणावं."

मामा हसले, बॉनेटवर हलकी थाप मारली आणि रस्त्याला लागले. त्याच चालीने. सूनबाईने गाडी लगेच सोडली नाही. तिघांना त्यांची पाठ दिसत होती. शेजारी बसलेले आबा, स्टिअरिंगवर ती, आणि फाटकाची कडी हातात धरून उभा राहिलेला तिचा नवरा. मामा वळणापाशी पोचले तेव्हा आबांनी पुढे वाकून तिला न विचारता पॅनेलवरचा लाल खटका दाबला, आणि गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकू लागले. मामांनी मागे वळून पाहिलं नाही. वळणावरच्या भिंतीवर तो उजेड पडत-विझत होता, तेवढा त्यांना पुरला. त्यांनी डबा उंच धरून एकदा हलवला आणि वळण घेतलं. वळण रिकामं झालं तरी आबांचं बोट खटक्यावर तसंच होतं.